बंद करायला सांगितलेल्या कार्डावरचे ४,००५ रुपये ३२ पैसे

चिपळूणच्या एका निवृत्त ग्रंथपाल बाई, एक क्रेडिट कार्ड आणि उत्तराला उशीर लावणारी एक बँक यांचे हे प्रकरण. व्यक्ती, तिचे कार्ड आणि रकमा नमुन्यादाखल बसवलेल्या आहेत. नियम आणि मुदती मात्र २०२४ साली लागू होत्या तशाच दिल्या आहेत.

कार्डाची मर्यादा १,२०,००० रुपये होती. जानेवारी २०२४ नंतर बाईंनी ते वापरले नव्हते. स्टेटमेंट दर महिन्याच्या १८ तारखेला निघे आणि फेब्रुवारी, मार्च दोन्ही महिन्यांचे स्टेटमेंट शून्य होते. कार्डाचे नवे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होणार आणि त्याबरोबर २,००० रुपये वार्षिक शुल्क लागणार, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून मंगळवारी, २ एप्रिलला त्यांनी कार्ड बंद करण्याचा ईमेल पाठवला. कस्टमर केअरला फोनही केला. फोनवर सांगण्यात आले, ‘अर्ज सहीनिशी लिहून, कापलेल्या कार्डासह पोस्टाने पाठवा.’

पहिली चूक बँकेची, आणि ती इथेच झाली. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट व डेबिट कार्डांबाबत निर्देश काढले आणि ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले. कार्ड बंद करण्याची विनंती हेल्पलाइन, ईमेल, आयव्हीआर (फोनवरची आपोआप चालणारी उत्तर-यंत्रणा), वेबसाइटवरची ठळक लिंक, नेटबँकिंग किंवा मोबाइल ॲप अशा मार्गांनी करता आली पाहिजे, आणि उशीर होईल अशा पोस्टासारख्या मार्गाचा आग्रह बँकेने धरू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. देणे बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालेच पाहिजे. न झाल्यास, खात्यावर थकबाकी नसल्यास, खाते बंद होईपर्यंत उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड कार्डधारकाला द्यायचा. मुदत मोजायची ती कामकाजाच्या दिवसांनी, दंड मात्र कॅलेंडरच्या दिवसांनी. हा फरक पुढे कामाला येतो.

बाईंनी पोस्टाने काहीच पाठवले नाही, ते बरे केले. पाठवले असते तर ‘अर्ज १५ एप्रिलला मिळाला’ असे म्हणायला बँकेला जागा मिळाली असती. फोन ठेवताच त्यांनी त्याच ईमेलवर दोन ओळी जोडल्या: ‘आज सकाळी ११.२० वाजता आपल्या प्रतिनिधीशी बोलणे झाले. पोस्टाने अर्ज पाठवण्याची अट मला मान्य नाही. हा ईमेल हीच माझी विनंती.’ फोनवरचे बोलणे असे त्याच दिवशी लिहून पाठवले नाही, तर ते झाले होते हे पुढे दाखवता येत नाही.

आता सात दिवस मोजू. ३, ४, ५ आणि ६ एप्रिल हे चार. पहिला शनिवार बँकेला कामाचा असतो. ७ ला रविवार. ८ तारीख पाचवा दिवस. ९ ला गुढीपाडवा, ११ ला रमजान ईद, या दोन्ही सुट्ट्या. म्हणून १० तारीख सहावा दिवस आणि शुक्रवार १२ एप्रिल सातवा. १३ एप्रिलपासून उशीर सुरू. ‘१० दिवस होऊन गेले’ असे मोघम लिहिले की बँक सुट्ट्या दाखवून मुद्दा बाजूला सारते. सुट्ट्या वगळून काढलेली नेमकी तारीख लिहिली की वाद घालायला जागा राहत नाही.

१८ एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये वार्षिक शुल्क २,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३६० रुपये आले. भरण्याची शेवटची तारीख ८ मे. बाईंनी ते भरले नाही. पुढे आकडा असा वाढत गेला:

१८ मे: विलंब शुल्क ६००, त्यावर जीएसटी १०८, महिना साडेतीन टक्के दराने ३० दिवसांचे व्याज ८१.४७, त्यावर जीएसटी १४.६६. एकूण बाकी ३,१६४.१३.

१८ जून: पुन्हा विलंब शुल्क ६०० व जीएसटी १०८, ३१ दिवसांचे व्याज ११२.८७ व जीएसटी २०.३२. एकूण बाकी ४,००५.३२.

जूनचे व्याज पूर्ण ३,१६४.१३ रुपयांवर लागले आहे, म्हणजे शुल्कावर, विलंब शुल्कावर, आधीच्या व्याजावर आणि करावरही. न भरलेली शुल्के, आकार आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायचे नाही, असे २०२२ च्या निर्देशांतच आहे. त्यामुळे वार्षिक शुल्क योग्य होते असे घटकाभर मानले, तरी हे व्याज टिकत नाही. तक्रारीत हा मुद्दा वेगळा मांडायचा, कारण बँकेने मूळ शुल्काचा वाद जिंकला तरी हा मुद्दा उरतो.

विलंब शुल्काचीही एक बाजू आहे. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उलटल्याशिवाय ते लावता येत नाही. म्हणजे ११ मेपर्यंत रक्कम हरकत राखून भरली असती, तर पहिले ७०८ रुपये लागलेच नसते. ‘शुल्कच चुकीचे, मग भरू कशाला’ हा बाईंचा विचार न्यायाला धरून होता, पण महाग पडला. न भरलेल्या रकमेची नोंद क्रेडिट माहिती कंपन्यांकडे, म्हणजे कोण देणी वेळेवर फेडतो याची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांकडे, जाते. शिवाय कार्डावर बाकी दिसू लागली की रोजच्या ५०० रुपयांच्या दंडाला बँकेकडून हरकत येते. वादातली रक्कम लहान असेल तर आमचे मत ठाम आहे: भरा, पण हरकत लिहून भरा.

बाईंनी पहिली लेखी तक्रार शनिवारी, २० एप्रिलला ईमेलने केली. हीच तारीख पुढे सगळ्या प्रकरणाचा आधार ठरली. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही तर लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. पुष्कळ लोक हे ३० दिवस कार्ड बंद करण्याच्या विनंतीपासून मोजतात आणि तक्रार वेळेआधी आली म्हणून परत येते. २ एप्रिलचा ईमेल ही विनंती होती. तक्रार म्हणजे काय चुकले, कोणता नियम मोडला आणि काय हवे, हे सांगणारे पत्र. त्याचा मजकूर असा होता:

‘विषय: तक्रार – कार्ड बंद करण्याच्या विनंतीनंतर लावलेले वार्षिक शुल्क (कार्डाचे शेवटचे चार अंक अमुक).

२ एप्रिल २०२४ रोजी, खात्यावर बाकी शून्य असताना, मी कार्ड बंद करण्याची विनंती ईमेलने केली. सात कामकाजाचे दिवस १२ एप्रिलला पूर्ण झाले. कार्ड बंद झालेले नाही. १८ एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये २,३६० रुपये लावले आहेत. माझी मागणी: एक, ही रक्कम जीएसटीसह उलट करावी. दोन, कार्ड बंद करून तसे लेखी कळवावे. तीन, १३ एप्रिलपासून दररोज ५०० रुपये दंड द्यावा. चार, शुल्क योग्य आहे असे आपले म्हणणे असल्यास कागदपत्रांसह खुलासा ३० दिवसांत द्यावा. ही तक्रार समजावी, चौकशी नव्हे.’

शेवटचे वाक्य मुद्दाम घातलेले आहे. येणारा प्रत्येक ईमेल ‘चौकशी’, ‘विनंती’ आणि ‘तक्रार’ अशा खणांत टाकला जातो, आणि चौकशीच्या खणात पडलेला ईमेल तक्रारीच्या मुदतीत मोजला जात नाही. विषयाच्या ओळीत ‘तक्रार’ हा शब्द आणि मजकुरात हे वाक्य, एवढ्यावर पुष्कळ काही ठरते.

चौथी मागणीही तशीच मोलाची. बिलावर आक्षेप आला तर बँकेने खुलासा आणि लागेल तिथे कागदोपत्री पुरावा जास्तीत जास्त ३० दिवसांत द्यायचा असतो. इथे एक चूक वारंवार दिसते: ‘वादातल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत शुल्क लावता येत नाही’ असे लोक लिहितात. ती तरतूद कार्डधारकाने फसवणूक म्हणून आक्षेप घेतलेल्या व्यवहारांपुरती आहे. वार्षिक शुल्काच्या भांडणात ती लिहिली की बँक तेवढाच चुकलेला मुद्दा उचलते आणि बाकीच्या पत्राला बगल देते. व्याजदर अवाच्या सवा आहे हा युक्तिवादही आता सोडून द्यावा. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा, हा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. व्याज कशावर लावले यावर भांडावे, किती टक्क्यांनी लावले यावर नव्हे.

बँकेची उत्तरे अशी आली. २० एप्रिलला आपोआप निघालेली पोच आणि तक्रार क्रमांक. २९ एप्रिलला ‘आणखी सात कामकाजाचे दिवस लागतील’. १० मेला ‘शुल्क कार्डाच्या अटींनुसार आहे’ एवढे एक वाक्य. बंद करण्याच्या विनंतीचा उल्लेखही नाही. बाईंनी २२ मेला नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या बँकेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला, लिहिले. ३ जूनला उत्तर आले, ‘१५ जूनपर्यंत कळवू’. १५ जून गेला, काही कळवले नाही.

या टप्प्यावर बहुतेक जण थकतात, आणि त्याला एक गैरसमज कारण असतो. नोडल अधिकारी, मग प्रधान नोडल अधिकारी अशा पायऱ्या बँकेच्या वेबसाइटवर लिहिलेल्या असतात आणि प्रत्येक पायरीपुढे नवे दिवस दिलेले असतात. लोकपालाकडे जायला त्या साऱ्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या १२ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेत एवढेच पाहिले जाई की बँकेकडे लेखी तक्रार केली होती का, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही का. २० एप्रिलचे ३० दिवस २० मेला संपले. १० मेचे उत्तर बाजूला ठेवले, तरी २१ मेला बाईंचा हक्क उभा राहिलेलाच होता. ‘१५ जूनपर्यंत कळवू’ या वाक्याने तो पुढे ढकलला जात नाही. दुसऱ्या टोकाची मर्यादाही होती: उत्तर मिळाल्यापासून एक वर्ष, किंवा उत्तरच न आल्यास तक्रारीपासून एक वर्ष ३० दिवस.

१० मेच्या एका वाक्याच्या उत्तरात आणखी एक दोष होता. २९ डिसेंबर २०२३ च्या निर्देशांनुसार ज्या बँकांना अंतर्गत लोकपाल (तक्रार फेटाळण्यापूर्वी ती पुन्हा तपासणारा बँकेतलाच अधिकारी) नेमावा लागतो, त्यांनी पूर्ण किंवा अंशतः फेटाळायची प्रत्येक तक्रार २० दिवसांच्या आत त्याच्यापुढे आपणहून ठेवायची असते आणि त्याच्या निर्णयासह अंतिम उत्तर ३० दिवसांत द्यायचे असते. बाईंच्या उत्तरात अंतर्गत लोकपालाचा उल्लेख नव्हता. २२ मेच्या पत्रात त्यांनी एवढेच विचारले होते: ‘माझी तक्रार फेटाळण्यापूर्वी अंतर्गत लोकपालाने ती पाहिली का? कोणत्या तारखेला?’ याचे उत्तर आले नाही, आणि न आलेले उत्तर पुढे तक्रारीला जोडता आले.

मग भरणा. सोमवारी, २४ जूनला बाईंनी पूर्ण ४,००५.३२ रुपये यूपीआयने भरले. आधी ईमेल, मग पैसे, हा क्रम पाळला. ईमेलमध्ये लिहिले: ‘खालील रक्कम मला मान्य नाही. पुढील शुल्क व चुकीची क्रेडिट नोंद टाळण्यासाठी ती हरकत राखून भरत आहे. भरल्याने माझी तक्रार मागे घेतली असे समजू नये.’ पैसेही भरायचे ते पैशापर्यंत नेमके. ४,००५ भरून ३२ पैसे ठेवले तर बाकी शून्य होत नाही.

बुधवारी, २६ जूनला लोकपालाकडे तक्रार गेली. सीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर मोबाइल क्रमांक ओटीपीने पडताळून अर्ज भरता येतो. इंटरनेट जमत नसेल त्याने चंडीगढच्या केंद्रीय पावती व प्रक्रिया केंद्राला पोस्टाने पाठवावी. १४४४८ या क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते. फी नाही. वकिलामार्फत तक्रार करता येत नाही, आणि तोच वाद न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तर इथे घेतला जात नाही.

तक्रार नामंजूर होते ती बहुधा पुराव्यावाचून नव्हे, पुरावा चुकीचा जोडल्याने. बँकेची पोच जोडलेली असते, पण आपण काय लिहिले होते तो ईमेलच नसतो. किंवा स्टेटमेंटची पीडीएफ पासवर्डसकट चढवलेली असते आणि उघडतच नाही. ती आधी प्रिंट करून पासवर्डशिवाय नव्याने जतन करायची. बाईंनी एकच पीडीएफ केली. पहिल्या पानावर फक्त तारखांचा तक्ता, मग त्याच क्रमाने २ एप्रिलचा ईमेल, २० एप्रिलची तक्रार व पोच, बँकेची उत्तरे, मार्च ते जूनची स्टेटमेंटे, आणि भरण्याची पावती. सगळे मिळून १४ पाने. रागाचा मजकूर कुठेही नव्हता.

मागणीतला दंडाचा आकडा काढताना मात्र थांबून विचार करावा लागतो, कारण ‘थकबाकी नसल्यास’ ही अट आडवी येते. उशिराचे दिवस तीन तुकड्यांत पडतात. १३ ते १७ एप्रिल हे पाच दिवस निर्विवाद: बाकी शून्य, विनंती झालेली, मुदत संपलेली. १८ एप्रिल ते २४ जून हे ६८ दिवस वादाचे: स्टेटमेंटवर बाकी दिसत होती, पण ती बँकेने स्वतःच्या चुकीने निर्माण केलेली. २५ जूनपासून पुन्हा निर्विवाद. मधल्या ६८ दिवसांवरही दंड मागणे योग्य आहे असे आम्हाला वाटते, कारण मुदतीत कार्ड बंद केले असते तर ते शुल्क लागलेच नसते. आपल्याच चुकीतून उभी राहिलेली बाकी बँकेने ढाल म्हणून वापरू नये. पण समोरची बाजू नियमाचे शब्द दाखवणार हे धरून चालावे. म्हणून तुकडे वेगळे मांडायचे, म्हणजे मधला गळाला तरी बाजूचे दोन सुरक्षित राहतात. सरसकट एकच आकडा टाकला तर सगळाच वादात सापडतो.

लोकपालाकडून तक्रार बँकेकडे गेली की लेखी म्हणणे मांडायला १५ दिवस असतात. एरवी महिनोन्महिने न हलणारी फाईल या १५ दिवसांत हलते. ९ जुलैला बँकेचा फोन आला: ‘सद्भावना म्हणून ३,३९४.३४ रुपये परत केले आहेत, तक्रार मिटली असे कळवा.’ १२ जुलैला कार्ड बंद झाल्याचा एसएमएसही आला आणि ती रक्कम बाईंच्या बचत खात्यात जमा झाली.

इथे घाई केली असती तर तीन गोष्टी हातच्या गेल्या असत्या. पहिली, जीएसटी. परत आलेल्या रकमेत शुल्क २,०००, विलंब शुल्क १,२०० आणि व्याज १९४.३४ होते, ६१०.९८ रुपये कर राहिला होता. ‘कर सरकारजमा झाला’ हे ठरलेले उत्तर. पण जीएसटी कायद्याच्या कलम ३४ नुसार बँक क्रेडिट नोट (आधीच्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढून तो कर आपल्या देण्यातून वळता करू शकते, आणि त्याला आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत असते. एप्रिल ते जून २०२४ च्या करासाठी ती ३० नोव्हेंबर २०२५ होती. कलमाचा उल्लेख करून लिहिले की ही सबब बहुधा पुन्हा येत नाही. दुसरी गोष्ट दंड. तिसरी, क्रेडिट अहवालातली नोंद. फोनवर ‘हो’ म्हटले असते तर ‘तक्रारदार समाधानी’ एवढाच शेरा पडला असता. बाईंनी लेखी कळवले: ‘रक्कम अंशतः मिळाली. कर, दंड आणि क्रेडिट नोंदीची दुरुस्ती बाकी आहे. तक्रार चालू ठेवावी.’

दंडाचे दिवस आता पक्के झाले. १३ एप्रिल ते ११ जुलै असे एकूण ९० दिवस, म्हणजे ४५,००० रुपये. त्यातले निर्विवाद ५ आणि २५ जून ते ११ जुलै हे १७, मिळून २२ दिवस, ११,००० रुपये. समेटात बँकेने ११,००० आणि ६१०.९८ मान्य केले. बाईंनी मधल्या ६८ दिवसांचा आग्रह सोडला. तो लावून धरायचा असता तर लोकपालाच्या निवाड्याची वाट पाहता आली असती. मानसिक त्रास आणि खर्चासाठी एक लाखापर्यंत भरपाई देण्याचा अधिकारही २०२१ च्या योजनेत लोकपालाला होता. ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा होता: कारण घडल्यापासून दोन वर्षे, आपण राहतो त्या जिल्ह्यात, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. पण दंडाचीच रक्कम मूळ नुकसानीच्या पावणेतीनपट असताना त्यांनी थांबणे पसंत केले, आणि तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. २ ऑगस्टला पैसे खात्यात आले.

क्रेडिट नोंदीचे काम मात्र त्यानंतरही संपले नव्हते. सिबिल ही अशीच एक क्रेडिट माहिती कंपनी. तिचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. त्यात मे आणि जूनच्या रकान्यांत थकीत दिवस दिसत होते. बँकेने समेटात ‘दुरुस्ती करू’ म्हटले होते, पण बाईंनी सिबिलकडेही त्याच आठवड्यात वाद नोंदवला. कारण अशा तक्रारीला ३० दिवसांची मुदत आहे. ती उलटली तर २६ एप्रिल २०२४ पासून दर दिवसाला १०० रुपये भरपाई लागू झाली आहे: बँकेने २१ दिवसांत सुधारित माहिती पाठवली नाही तर ती बँकेने द्यायची, पाठवूनही काम झाले नाही तर कंपनीने. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढलेल्या अहवालात खाते ‘बंद’, बाकी ०, आणि दोन्ही महिन्यांच्या रकान्यांत ‘०००’ होते.